बजेटात आलेला पूल

आमच्या गावचं सरपंचपद त्या वेळी बाईसाठी राखीव निघालं, म्हणून मी सरपंच झाले. सालेकसा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. मी बारावी शिकलेली, घरी शिलाई मशीन चालवायची. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्याच हातचे, त्यामुळे सगळ्या घरांत ये-जा होती आणि भांडण कुणाशीच नव्हतं. एवढ्यावर लोकांनी मला निवडून दिलं. "तू सही करत जाय, बाकी ग्रामसेवक पाहून घेईन," असं माझे यजमान म्हणाले होते. त्यात वाईट हेतू नव्हता. सरपंचाचं काम तेवढंच असतं असं त्यांना खरंच वाटत होतं.

पहिल्याच वर्षी गावाचा विकास आराखडा करायची ग्रामसभा आली. पुढच्या वर्षी गावात कोणती कामं व्हायला हवीत ते गावानंच बसून ठरवायचं आणि कोणतं आधी, कोणतं नंतर, तेही गावानंच सांगायचं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मला ही गोष्ट फार आवडली होती. आपल्या घरात जसं ठरतं, आधी कौलं बदलायची की आधी पंप दुरुस्त करायचा, तसंच हे, असं मी समजत होते. म्हणून मी दवंडीवर भरवसा न ठेवता स्वतः घरोघरी फिरले. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरसुद्धा गेले.

टोला आमच्याच ग्रामपंचायतीत मोडतो. तिथं सगळी गोंड घरं. थोडी शेती, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, बाकी वेळ जंगलातली नाहीतर धानाच्या रोवणीची मजुरी. मध्ये नाला. उन्हाळ्यात त्यात गुडघाभरही पाणी नसतं, पण तो दरेकशाच्या डोंगरातून उतरतो, त्यामुळे वर पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही बघता बघता फुगतो. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, सालेकशाला जाणारा रस्ता, सगळं आमच्या बाजूला. टोल्याचे लोक दर वर्षी पावसाळ्याआधी बांबू आणि लाकडाच्या बल्ल्या टाकून एक पूल करायचे. तो कधी ऑगस्टपर्यंत टिकायचा, कधी पहिल्याच पुरात जायचा.

त्या ग्रामसभेला टोल्याच्या बायका आल्या. त्याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांच्यात एक मावशी होती. सगळा टोला तिला मानायचा. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगा आणि सून नागपूरकडे वीटभट्टीवर, आणि नात तिच्याजवळ. नात आमच्या शाळेत दुसरीला होती. सभेत आमच्या बाजूचे लोक एकेक काम सांगत होते. कुणाला गल्लीत सिमेंट रस्ता हवा होता, कुणाला मंदिरासमोर सभामंडप. मावशी बराच वेळ ऐकत बसली. मग उभी राहिली.

"आमाले सिमेंट रोड नोको," ती म्हणाली. "लाइट बी नाई दिले तं चालते. आमाले नाल्यावर पूल पाह्यजे. एकच काम सांगून राहिलो आमी. दुसरं काईच मांगत नाई."

आमच्या बाजूचा एकही माणूस विरोधात बोलला नाही. सभामंडप मागणारे म्हातारेसुद्धा म्हणाले, "लिहा, पूल पहिला लिहा." सगळ्यांनी हात वर केले. त्या संध्याकाळी मी घरी आले ती जवळजवळ धावतच. स्वयंपाक करताना यजमानांना सगळं सांगितलं. गाव इतकं सहज एका गोष्टीवर एक होतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी मला कार्यालयात बसवून समजावलं. सज्जन माणूस, गोंदियाहून येऊन-जाऊन करायचे, बोलण्यात अर्धी हिंदी. म्हणाले, "मॅडम, लिहिला आपण पूल. पण आपल्या पैशातून तो होत नाही. आपल्याला जो निधी येतो त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच लावायचा, तसं वरून बांधून दिलेलं असते. बाकी उरते त्यात नाली, दुरुस्ती, फार तर छोटासा मोरीचा पाइप. पूल म्हणजे जिल्ह्याचं काम. वहाँ के बजट में आना पडता है."

"मग तिकडे पाठवा," मी म्हणाले.

पाठवलं. आमच्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले सदस्य होते, त्यांच्या घरी मी किती चकरा मारल्या ते आता आठवत नाही. त्यांनी कधी टाळलं नाही. चहा पाजायचे, माझ्यादेखत फोन लावायचे. त्यांच्याच खटपटीनं एक दिवस इंजिनियर आले. टेप लावून नाला मोजला, काठावरच्या दगडांवर चुन्यानं खुणा केल्या, एका साजाच्या झाडावर लाल पट्टा ओढला. टोल्याची सगळी माणसं कामं सोडून काठावर येऊन बसली होती. मावशीनं इंजिनियरला विचारलं, "साहेब, गाय जाईन का वरून?" ते हसून म्हणाले, "मावशी, ट्रॅक्टर जाईल." त्या दिवसापासून टोल्यावर पुलाचं नाव ट्रॅक्टरवाला पूल पडलं.

मार्चमध्ये जिल्ह्याचं अंदाजपत्रक मांडायची सभा होती. सदस्य म्हणाले, "चला तुम्ही, मागं बसून पाहा." मी सकाळच्या गाडीनं सालेकशावरून गोंदियाला गेले. मोठं सभागृह, माईक, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि एक जाड पुस्तक. मला वाटलं होतं की प्रत्येक कामावर चर्चा होईल, हे आधी की ते आधी असं आमच्या ग्रामसभेसारखंच काहीतरी होईल. तसं नव्हतं. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, पशुसंवर्धन, महिला व बालकल्याण, एकेका विभागाची पानं उलटत होती. कुणी उठून आपल्या भागाला कमी दिलं म्हणून ओरडायचा, कुणी टेबल वाजवायचा, मग पुढचं पान. जो उठला त्याच्या भागातही आमच्यासारखाच कुठला तरी नाला असणार, हे मला तिथं बसल्यावर कळायला लागलं. सगळ्यांचं बोलणं खरं होतं. पैसा मात्र तेवढाच होता, आणि त्यातला बराचसा वरूनच नाव घालून आलेला होता. अमुक शाळा दुरुस्तीला, अमुक दवाखान्याच्या औषधाला. जिल्ह्यानं आपल्या मर्जीनं खर्चावा असा थोडाच.

जेवणाच्या सुट्टीत सदस्य माझ्याकडे आले, हातात ते पुस्तक. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आमच्या गावचं नाव, नाल्यावर पूल बांधणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी पुढचा रकाना वाचला. तिथल्या रकमेत सिमेंटची दोन-तीन पोती आली असती.

"हे काय जी?" मी विचारलं.

"टोकन पडलं ना. लहान रक्कम टाकून ठेवायची, म्हणजे काम जिवंत राहते. नाव नसतं आलं तर कायमचं मागं पडलं असतं."

"आणि बाकीचा पैसा?"

"वर्षाच्या मधल्या पुरवणी बजेटात बघू. नाहीतर पुढच्या साली." त्यांनी पुस्तक मिटलं. "तुमचंच नाही, ताई. माझ्या गटातल्या सगळ्याच कामांना टोकन आहे. मी कुणाला नाही म्हणू?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा चेहरा थकलेला होता. मला रागवायचं होतं, पण कुणावर ते सापडेना. पुरी-भाजीचा डबा मी न उघडताच पिशवीत ठेवला आणि दुपारच्या गाडीनं परतले.

मी यायच्या आधीच बातमी आली होती. सदस्यांच्या कुणा माणसानं मोबाइलवर पानाचा फोटो टाकला होता, "पुलाला मंजुरी" असं वर लिहून. मी बसमधून उतरले तर टोल्याची माणसं स्टॉपवर उभी. मोहाचे दिवस होते. पहाटेपासून फुलं वेचून थकलेले लोक, तरी आले होते. मावशीनं ओंजळभर ताजी मोहाची फुलं माझ्या पदरात टाकली.

मी तिथंच सगळं खरं सांगितलं. "मावशी, पूल नाही आला. नुसतं नाव आलं आहे. पैसा दिला नाही."

"नाव तं आलं न?"

"नाव आलं. पण पैशाशिवाय—"

"नाव आलं तं पैसा बी येईन, बाई," शेजारचा एक म्हातारा म्हणाला. "सरकारच्या पुस्तकात एकदा लिहिलं तं कोन खोडते?"

मी पुन्हा सांगितलं. टोकन म्हणजे काय तेही सांगितलं. ते सगळे माझ्याकडे हसून बघत होते. मी मोठेपणा घ्यायला लाजते आहे असं त्यांना वाटत होतं. कुणीतरी गुलाल आणला. माझ्या कपाळाला लागला तो मी पुसूही शकले नाही.

त्या वर्षी टोल्यानं बांबूचा पूल टाकला नाही. मी मे महिन्यात जाऊन म्हणाले, "या वर्षी टाकून घ्या." मावशी म्हणाली, "टाकून का करावं? मशीन येईन तं तोडाच लागते." जूनमध्ये परत गेले. तेव्हा सगळे तेंदूपत्त्याच्या थकव्यातून उठून धानाच्या पऱ्ह्यांना, रोपं टाकायला लागले होते, बांबू तोडायला कुणाला सवड नव्हती. शेवटी माझ्या यजमानांनी आणि गावातल्या चार जणांनी मिळून घाईघाईनं काही बल्ल्या टाकल्या. त्या जुलैतच गेल्या.

एक दिवस सांगते. शाळा सुटायच्या वेळेला इकडे चांगलं ऊन होतं. डोंगरावर मात्र काळं झालेलं. टोल्याची सात-आठ पोरं नाल्यापर्यंत पोचली आणि मास्तरांनी त्यांना मागं ओढलं, तोवर पाणी चढलं होतं. पोरं आमच्या घरी आणली. मावशीची नात माझ्या मशीनजवळ बसून कापडाच्या चिंध्या गोळा करत होती, तिला काही भीती नव्हती. मी काठावर गेले. पलीकडे मावशी आणि बाकीच्या आया उभ्या. पाण्याचा इतका आवाज की काही ऐकू जाईना. मावशी हात हलवून विचारत होती. मी तोंडाला हात लावून ओरडले, "माझ्याकडे आहेत! सगळी माझ्याकडे!" तिला कळलं नाही. ती तशीच विचारत राहिली. मग मी घरी पळाले, नातीला कडेवर घेऊन परत काठावर आले आणि तिला दोन्ही हातांनी वर उचललं. पलीकडे मावशी मटकन खाली बसली.

पाणी दुसऱ्या दिवशीही उतरलं नाही. पोरं माझ्या ओसरीवर झोपली, माझ्याच ताटात जेवली. पलीकडे आया दर थोड्या वेळानं काठावर येऊन उभ्या राहायच्या आणि इकडून मी एकेक पोर घेऊन जाऊन दाखवायची. गावाची सरपंच होते मी. शिक्का होता माझ्याकडे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझं नाव रंगवलेलं होतं. आणि करण्यासारखं एवढंच होतं, की पोरं उचलून दाखवायची.

पाणी उतरल्यावर मावशी नातीला न्यायला आली. भांडली नाही. ओसरीच्या पायरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, मी हिले आश्रमशाळेत टाकतो. तिथंच राहीन पोरगी, तिथंच जेवन."

"एवढीशी आहे मावशी. तुझ्याशिवाय राहील का?"

"नाई राहीन," ती म्हणाली. "पन जिवंत राहीन."

दिवाळीच्या सुट्टीनंतर नात आश्रमशाळेत गेली. तिच्यामागं टोल्याची बाकीची पोरंही गेली. आमच्या शाळेत आधीच पोरं कमी, त्यात ही गेल्यावर एक शिक्षक दुसरीकडे दिला. त्या पोरांच्या घरची दोन तरुण जोडपी रस्त्याच्या बाजूला नातेवाइकांच्या जागेत झोपडी टाकून राहायला आली. कुणी कुणाला दोष दिला नाही. ज्याला जसं सुचलं तसं तो करत गेला.

पुरवणीत पैसा आला नाही. दुसऱ्या वर्षीच्या पुस्तकात पुन्हा तेच नाव, तेच टोकन. त्याच मार्चच्या शेवटी ग्रामसेवक धावत आले. "मॅडम, ओपन जिम मंजूर झाली. जागा दाखवायची आहे, लवकर."

"आपण कुठं मागितली होती?"

"मागितली नाही. पण त्या हेडमध्ये पैसा आहे, मार्चमध्ये खर्च व्हायला पाहिजे."

"मग तो पुलाला लावा ना."

ते माझ्याकडे कळवळून बघत राहिले. "हेड वेगळं आहे, मॅडम. क्रीडाचा पैसा बांधकामाला नाही लागत. नको म्हटलं तर परत जाईल, बस. पूल तर त्यानं होणार नाहीच."

मी मासिक सभेत विषय ठेवला, नाकारायचा म्हणून. ग्रामपंचायतीचे सदस्य म्हणाले, बाई, येते ते येऊ दे, नाही म्हणून का मिळते? विषय मंजूर झाला. ग्रामपंचायतीसमोर पिवळी-निळी लोखंडी यंत्रं उभी राहिली. रोवणीला वाकवाकून ज्यांच्या कमरा गेल्या त्या बायका येता-जाता त्यांच्यावर बसून पाहायच्या आणि हसायच्या. थंडीत मी त्या दांड्यांवर धुतलेली गोधडी वाळत घातलेली पाहिली आणि मला बरंच वाटलं, काहीतरी उपयोग झाला म्हणून.

तिसऱ्या वर्षी मी पुन्हा गोंदियाला गेले. या वेळी सभेला नाही, बांधकामाच्या टेबलावर. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, कागद काढून आणला आणि अगदी सावकाश, मी शिकाऊ असल्यासारखं, समजावून सांगितलं. पैसा कमी, कामं फार. म्हणून ज्या पुलाचा जास्त लोकांना उपयोग होतो तो आधी घ्यायचा. आमच्या टोल्यावरची घरं कमी झाली आहेत. शाळेत येणारी पोरं तर उरलीच नाहीत. म्हणून आमचं काम खाली गेलं.

"साहेब, पूल नाही म्हणून तर पोरं गेली," मी म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

"पूल नाही म्हणून घरं इकडे आली."

"ते पण बरोबर आहे, मॅडम. पण मला आज जे आहे तेच लिहावं लागते."

मी उठले. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. माझ्यासारखे आणखी चार-पाच सरपंच तिथं बसलेले, एक बाई देवरीकडची. तिनं विचारलं, तुमचं काय? मी म्हणाले, पूल. ती म्हणाली, आमचा दवाखाना, इमारत आहे, नर्स नाही. मग आम्ही दोघी बाहेर टपरीवर जाऊन चहा प्यालो आणि आपापल्या गाडीला गेलो.

माझ्या मुदतीतली शेवटची आराखड्याची ग्रामसभा मी बोलावली, तेव्हा घरोघरी फिरायचा हुरूप राहिला नव्हता. तरी टोल्यावर गेले. आता तिथं बहुतेक म्हातारी माणसंच उरली होती. मावशी तिथंच होती. नात सुट्टीत यायची, एरवी ती एकटी. सभेला ती आली, पण पहिल्यासारखी मध्ये बसली नाही, दाराजवळ बसली. मी वाचायला सुरुवात केली, "क्रमांक एक, टोल्याच्या नाल्यावर पूल." कुणी मान वर केली नाही. दर वर्षी वाचायचं म्हणून वाचलेलं ते वाक्य झालं होतं.

मावशी उठली. "बाई, पूल राहू दे आता," ती म्हणाली.

"काऊन मावशी?" मी सभेत असूनही तिच्याच बोलीत विचारलं.

"राहू दे. आमी मांगून मांगून थकलो, तू बी थकली. मले एक सांग, इकडच्या काठावर टिनाचं शेड होईन का? लहानसंच. रेशन घेऊन येतो, पानी राहते, मंग पावसात झाडाखाली उभं राहा लागते. तांदूळ भिजते. पानी उतरेपर्यंत बसाले होईन."

ग्रामसेवक खुर्चीतून पुढं सरकले. त्यांचा चेहरा उजळला होता, इतक्या वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. "हे होते, मॅडम! प्रवासी निवारा. याला हेड आहे, आपल्याच निधीतून होते. याच वर्षी करून टाकू."

सगळ्यांनी हात वर केले. पहिल्या सभेत केले होते तसेच, सगळ्यांनी. मी पुलाचा ठराव काढला नाही, तो खाली कुठंतरी लिहून ठेवला. वर शेड लिहिलं आणि सही केली. सही करताना बराच वेळ पेन कागदावर टेकवून बसले होते, ग्रामसेवकांना वाटलं शाई संपली, त्यांनी आपला पेन पुढं केला.

शेड पावसाळ्याआधी झालं. कुठं अडलं नाही, कुणाच्या घरी जावं लागलं नाही. चार लोखंडी खांब, वर निळे पत्रे, आत सिमेंटचा बाक. नारळ फोडायला मला बोलावलं. मी मावशीच्या हातात नारळ दिला, तिनं फोडला. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटून झाल्यावर ती आत जाऊन बाकावर बसली. हातानं बाक चाचपून पाहिला, वर पत्र्याकडे पाहिलं आणि मला बोलावून शेजारी बसवलं.

"चांगलं झालं, बाई," ती म्हणाली. "तुझ्या राज्यात काम झालं आमचं."

ती मनापासून बोलत होती. समोर नाला कोरडा पडला होता, पलीकडून एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन दगडांवरून पाय टाकत येत होता. मी तिचा हात धरला.